काचेच्या अकरा पट्ट्या

"मॅडम, तुम्ही स्वतः या बिल्डिंगमध्ये झोपाल का?"

प्रश्न माझा नव्हता. मैत्रिणींनी पैज लावली होती, हिंमत असेल तर विचारून दाखव. त्या तिघी फाटकाआड तोंडं दाबून उभ्या होत्या, आणि इंजिनिअर मॅडम जिन्याखाली गुडघे टेकून आमच्या बिल्डिंगच्या भेगेत टॉर्च मारत होत्या. भूकंपाला दोन महिने झाले होते. पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय, हे भाषेच्या बाईंनी आता मला समजावून सांगायची गरज उरली नव्हती. आम्ही शाळेच्या हॉलमध्ये राहत होतो आणि बाबांनी जाहीर करून टाकलं होतं: बिल्डिंग पास झाली नाही, तर मामाच्या गावाला. कायमचं.

मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला. "आज? फुकट दिलीस तरी नाही."

फाटकाआड खसखस पिकली.

"चाळीस दिवसांनी विचार." त्यांनी पिशवीतून काचेची बोटभर लांब, पातळ पट्टी काढली, भेगेवर आडवी ठेवून दोन्ही टोकं प्लास्टरने चिकटवली, वर तारीख घातली. "भेग अजून हलत असेल तर ही तडकेल. रोज बघणारं कुणीतरी हवंय. जीभ चांगली आहे तुझी. डोळे कसे आहेत?"

झालं, मैत्रिणींनी माझं नाव काचवाली ठेवलं. तीन मजल्यांवर अकरा पट्ट्या. रोज शाळेआधी हेल्मेट घालायचं आणि वॉचमनकाकांबरोबर वर जायचं. भूकंपाच्या दिवशी त्या जिन्यावरून मी अनवाणी पळाले होते, त्यानंतर पहिल्यांदाच चढत होते. पहिल्या दिवशी मी कठडा दोन्ही हातांनी धरला. काका म्हणाले, "पायऱ्या मोज. मोजताना माणूस घाबरायचं विसरतं." चोपन्न आहेत.

सव्विसाव्या दिवशी नऊ नंबरची पट्टी तडकलेली दिसली. जिन्याखालच्या खांबावरची. केसाएवढीच रेघ, पण होती.

माझ्या दप्तरात मॅडमनी दिलेली एक जादा पट्टी होती. प्लास्टरची पुडी होती. दोन मिनिटांचं काम. काका वर गेले होते. खोटं कशाला सांगू, पुडी मी उघडलीसुद्धा. मग वाटलं, उद्या याच खांबाच्या डोक्यावर आई झोपणार. पुडी बंद केली आणि फोन लावला.

"मॅडम, नऊ नंबर गेली. आमचं घरही गेलं का?"

"अगं वेडे, रोग्याचं नेमकं कुठे दुखतंय ते आत्ता कळलं. आता औषध करू."

गवंडी आले. खांब फोडला तर आतल्या सळ्यांना गंज. त्यांनी चारी बाजूंनी नव्या सळ्यांचं जाळं बांधलं, काँक्रीट ओतलं, आणि जाताना म्हातारे मिस्त्री माझ्या हेल्मेटवर टकटक करून म्हणाले, "पोरी, तुझ्यामुळे झालं हो." मी त्यांना उलट हेच म्हटलं. नवी पट्टी लागली आणि चाळीस दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे ठरले. बाबा मामाला फोनवर म्हणाले, "थांब रे जरा, पोरगी काच बघतेय."

सगळ्या पट्ट्या टिकल्या. एक्केचाळिसाव्या दिवशी दुपारी मॅडम आल्या, काखेत स्वतःची उशी. "कुणीतरी मला काहीतरी विचारलं होतं," म्हणाल्या, आणि थेट आमच्या घरात, माझ्या खोलीत, माझ्या पलंगावर आडव्या झाल्या.

आम्ही तिघं बाहेर जमिनीवर बसून राहिलो. थोड्या वेळाने आतून बारीक घरघर सुरू झाली.

"घोरतात की काय गं?" आई कुजबुजली.

"घोरू दे," बाबा म्हणाले. "रेडिओपेक्षा बरं वाटतंय." त्यांनी भिंतीला पाठ टेकली. इतके दिवस ते कुठल्याच भिंतीला टेकत नव्हते.

तेव्हा मी सांगून टाकलं. "मामाला कळवा, त्याच्याकडे आपण सुट्टीत येऊ. आजपासून मी माझ्या खोलीत झोपणार. मॅडम उठल्या की."