एनेलेसीची तोंडी परीक्षा

"कबुली तोंडानेच द्यायला हवी!" काचिगांबा आजोबांनी काठी आपटली. "हातवारे मला काय दिसणार?"

फालेसीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिची जन्मापासून बहिरी बहीण एनेलेसी चर्चच्या वडिलांपुढे, म्हणजे मंडळीच्या ज्येष्ठ पंचांपुढे, गुडघे टेकून, ओंजळीने हलक्या टाळ्या वाजवत, रीतीप्रमाणे मान देत बसली होती. बाप्तिस्म्याआधीची ही परीक्षा. प्रत्येक वडिलाची स्वतःची खात्री पटल्याशिवाय मत घ्यायचं नाही असा नियम, आणि काचिगांबा तर म्हातारपणी पार आंधळे झालेले. बहिणीच्या खुणा फालेसीने बोलून दाखवाव्यात, तर म्हणे श्रद्धा तुझी की तिची, मला कसं कळावं? दर वर्षी हेच. आणि बाप्तिस्मा नाही म्हणून प्रभुभोजनाची भाकर एनेलेसीच्या नाकासमोरून शेजारणीकडे जायची.

"मग काय आजोबा, कोंबड्यासारखं आरवून दाखवू दे तिला?"

"फालेसी!" चर्चचे पाळक दटावले, पण गालातल्या गालात हसलेच.

"विचार तिला," म्हातारा हटेना. "येशूने काय केलं?"

फालेसीने खुणांनी विचारलं. एनेलेसीने नेहमीसारखे हात उचलले आणि मध्येच थांबली. म्हाताऱ्याच्या डोळ्यांकडे तिने नीट बघितलं. मग गुडघ्यांवरूनच पुढे सरकली आणि तिने चक्क त्यांचे हात धरले! बाईमाणसाने, मंडळीच्या वडिलांचे! एकच गलका झाला.

"थांबा हो, थांबा!" फालेसी ओरडली.

मका कांडून राठ झालेलं एनेलेसीचं बोट म्हाताऱ्याच्या एका तळहातात रुतलं, मग दुसऱ्यात. खिळे. तिने त्यांचे दोन्ही हात आडवे ताणले. मग जवळ आणून, मुठी मिटवून आपल्या ओंजळीत गच्च झाकले. कबर. बराच वेळ तशीच राहिली. आणि एकदम ओंजळ उघडून ते हात वर, थेट आभाळाकडे! शेवटी तेच हात तिने आपल्या माथ्यावर ठेवून घेतले.

फालेसीला काही बोलून दाखवायची गरजच पडली नाही. आनंदाने तिला रडूच फुटलं.

"इतकी वर्षं ही बोलतेय," काचिगांबा पुटपुटले, "आणि मी बसलोय कान लावून!"

पाळकांनी मत घेतलं. पसंत असेल त्याने हात वर करायचा. पहिला हात काचिगांबांचा गेला. मग एकेक करत बाकीचेही गेले. पाळक "मंजूर" म्हणाले, तसे सगळ्यांचे हात खाली आले. काचिगांबांचा मात्र वरच.

"ती बघतेय ना?" त्यांनी फालेसीला विचारलं, आणि हात आणखी उंच केला.