प्रभूचा डबा

मार्थाबाईंच्या घरात तवा चढण्याआधी एक मूठ ज्वारी प्रभूच्या डब्यात पडायची. रविवारी उपासनेला जाताना डबा चर्चमध्ये जायचा आणि तिथून ज्याला गरज असेल त्याच्या घरी. मूठ मात्र नेहमी त्यांच्या नवऱ्याची, शांतवनमामांची. "देवाला द्यायचं तर घरातला मोठा हात लागतो की," मार्थाबाई म्हणायच्या.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात मामांचा उजवा हात यंत्रमागात सापडला, बोटांना पट्ट्या बांधाव्या लागल्या आणि मूठ सुनेकडे आली. सुवार्ता बी.एस्सी. झालेली, शाळेत शास्त्र शिकवायची. नवरा केम स्टेशनवर रेल्वेत नोकरीला, शनिवारी घरी यायचा. मामांच्या आणि आपल्या मुठीची ज्वारी तिनं पूर्वीच शाळेतल्या तराजूवर तोलून पाहिली होती. मामांची ऐंशी ग्रॅम, तिची चाळीस. "त्यांच्या अंदाजानं टाक," असं मार्थाबाईंनी सोमवारी मूठ सोपवतानाच सांगितलं होतं. पण दुष्काळ होता, रेशनची ज्वारी महिनाअखेर पुरत नव्हती. सुवार्ता आपलीच मूठ टाकायची आणि झाकण जरा घाईनंच लावायची.

गुरुवारी दुपारी मार्थाबाई शेजारच्या शरणम्माकडून आल्या त्या थेट डब्यापाशी. शरणम्माचा नवरा सिद्धप्पा दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेला, घरात तीन पोरं आणि कालपासून चूल गार.

"आत्या, आज गुरुवार आहे. डबा तर रविवारी उघडतो ना?"

"प्रभूला भूक लागली तर तो वार बघतो व्हय?"

मार्थाबाईंनी आत हात घातला. चार दिवसांत डबा कुठवर भरतो, हे त्या हाताला तीस वर्षांच्या सवयीनं ठाऊक होतं. बोटं लगेच तळाला लागली.

"उंदीर शिरला काय गं?"

हो म्हणणं सोपं होतं. सुवार्ता म्हणाली, "उंदीर नाही, आत्या. मी माझीच मूठ टाकत होते. आपल्यालाच पुरणार नाही, असा हिशोब केला."

मार्थाबाईंनी डब्यातून हात बाहेर काढला.

"हिशोब बराबर हाय तुजा. न्हाईच पुरणार." मग त्या हलकेच हसल्या. "मी नवी नवरी हुते तवा मूठ माज्याकडंच हुती. मी तर नुसतंच झाकण वाजवायची. ह्यांच्या ध्यानात आलं. बोलले काय न्हाईत, पर दुसऱ्या दिवशीपासनं सोताच टाकाय लागले. मोठा हात लागतो, हे निमित्त मी मागनं काढलं."

सुवार्तानं डबा उचलला. घरातल्या पिंपातली ज्वारी ओतून तो गळ्यापर्यंत भरला आणि शेजारी जाऊन शरणम्माच्या पदरात रिकामा केला. शरणम्मा तिच्या डोक्यावर हात ठेवून कानडीत काहीतरी पुटपुटली. शब्द सुवार्ताला कळले नाहीत.

संध्याकाळी मामा चुलीपाशी बसले होते. सुवार्तानं डब्यात एक मूठ टाकली, मग आणखी एक.

"दोन कशापायी गं?" मामांनी विचारलं.

मार्थाबाईंनी भाकरी थापता थापता वरही पाहिलं नाही. "एक तुमची हाय," त्या म्हणाल्या.