गालपट्टीचे आटे

मिरजोळ्याच्या एमआयडीसीत भागोजी शिवगणांचं लेथचं दुकान आहे. होडीच्या इंजिनापासून काजूच्या यंत्रापर्यंत कशाचेही आटे गेले की लोक त्यांच्याकडेच येतात. घरच्या रायफलचं स्क्रूचं एक भोक मात्र त्यांनी तीन महिने तसंच ठेवलं होतं.

रायफल त्यांच्या मुलीची, ज्ञानेश्वरीची. नेमबाजीच्या स्पर्धेत वापरतात तसली, हवेच्या दाबावर चालणारी. तिचा दस्ता ॲल्युमिनियमचा, आणि त्यावर गाल टेकवायची पट्टी स्क्रूने आवळलेली. ज्ञानेश्वरी राज्य स्पर्धेपर्यंत पोचली होती. गेल्या मे महिन्यात लांज्याजवळ स्कूटरवरून पडली आणि उजवा डोळा गेला. डावा लहानपणापासूनच अधू. चालण्याफिरण्यापुरतं दिसायचं, दहा मीटरवरचा काळा ठिपका दिसायचा नाही.

गणपती झाल्यावर ती म्हणाली, "बाबा, रायफल तेजस्वीला देऊया." तेजस्वी तिच्या क्लबातली देवरूखची मुलगी, दुसऱ्यांच्या रायफलवर सराव करणारी. "पट्टीच्या स्क्रूचे आटे गेलेत. तेवढं करून द्या."

"नव्या आट्यांसाठी भोकात घालायची तारेची स्प्रिंग इथे मिळत नाय गो. पुण्याहून मागवलीय."

मग ती दर आठवड्याला विचारायची आणि भागोजी दर आठवड्याला पुण्यावर ढकलायचे.

डिसेंबरातल्या एका रविवारी ती दुकानात आली. "स्प्रिंगची पुडी तुमच्या खणात आहे, बाबा. मी दिवाळीतच बघितली."

भागोजींनी हात पुसले. म्हणाले, "दुरुस्त झाली की जाईल ती."

"जाऊ दे."

त्यांनी जबड्यांना कातडं लावून दस्ता व्हाइसमध्ये धरला, पट्टी उतरवली आणि थबकले. पट्टीखालच्या दांडीवर स्क्रूचे ओरखडे होते, एकाला लागून एक, वीसपंचवीस तरी. सगळे एकाच बाजूला सरकत गेलेले. त्यांना आजवर वाटत होतं, आटे वापरून झिजले.

"हे कधी केलंस?"

"दवाखान्यातून आल्यावर. तुम्ही दुकानात गेलात की. वाटायचं, पट्टी आणखी थोडी सरकवली तर डाव्या डोळ्याने जमेल. सोडायची, सरकवायची, आवळायची. एक दिवस स्क्रू नुसताच फिरायला लागला."

"मला सांगायचंस."

"तुम्ही लगेच करून दिलं असतंत. मग मी परत सरकवून बघत बसले असते."

भागोजींनी भोक ड्रिलने मोठं केलं. रॉकेलचे थेंब सोडत आटे पाडायचा टॅप अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे असा फिरवला. ॲल्युमिनियम मऊ, घाई केली तर फाटतं. हातून काम बिघडावं असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं. बिघडलं नाही. स्प्रिंग बसली, स्क्रू घट्ट बसला.

दुसऱ्या दिवशी तेजस्वी वडिलांबरोबर आली. ज्ञानेश्वरीने तिला रायफल धरायला लावली, तिच्या गालावर बोटं ठेवून पट्टीची उंची जुळवली. "जास्त आवळू नकोस," एवढंच म्हणाली.

ते गेल्यावर ती आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजली. भागोजी दारात उभे राहिले. हाक मारायचं धाडस झालं नाही. दुकानात येऊन त्यांनी लेथ सुरू केलं. त्यावर काम काही लावलं नव्हतं. शेजारच्या गाळ्यात रडणं ऐकू जाऊ नये म्हणून ते बराच वेळ तसंच चालू ठेवलं.