मास्तरचं पथ्य

"नळ सोडू नकात," अनुपमा म्हणाली. "आधी हय बघा."

काशीराम परब टॉवेल खांद्यावर टाकून बाथरूमच्या दारातच थांबला. पांढऱ्या लादीवर ओंजळभर पाणी सांडलं होतं आणि शेजारी मास्तर मान अर्धी आत घेऊन बसला होता. मास्तर म्हणजे परबांचं कासव. पाठीवर पिवळ्या रेघांच्या चांदण्या, चाल सावकाश, आणि मान उंच करून चष्म्यावरून बघावं तसं बघायची सवय; म्हणून त्यांच्या मुलाने, नितेशने, शाळेत असताना त्याचं नाव मास्तर ठेवलं होतं. शहर सोडून चाललेल्या कुणा मित्राने ते त्याला दिलं आणि काजूपाड्याच्या घरात ते घरचंच होऊन गेलं.

"काय बघू?"

"रंग बघा. रोज मुताबरोबर पांढरा पडता, चुन्यासारखा. आज ता पण हिरवा."

काशीराम वाकला. खरंच हिरवं होतं. शेवाळलेल्या टाकीच्या तळासारखं.

"पाल्याचो रंग असतलो," तो म्हणाला.

"पालो खय खाता तो?"

काशीराम सरळ उभा राहिला. लघवीच्या रंगात अनुपमाशी वाद घालणं तसंही कुणाला जमलं नसतं. गेली आठ वर्षं ती घरातल्याच नव्हे, आल्यागेल्याच्याही लघवीची चौकशी करत असे. पाहुणा चपला काढतो न काढतो तोच पाणी किती पितोस, साफ होते का, असले प्रश्न सुरू. काशीराम संडासातून बाहेर आला की दारातच विचारायची, "रंग कसो होतो?" त्याने एकदा वैतागून "सातय रंग होते" असं सांगितलं, तर दोन दिवस बोलली नाही. त्यानंतर तो मुकाट सांगायला लागला.

कारण नितेशचा रंग तिला दिसला नव्हता. सव्वीस वर्षांचा मुलगा, नोकरीला लागलेला. त्याच्यामागे बाथरूममध्ये कोण जाणार? डोळे हळदीसारखे झाले तेव्हा कळलं. काविळीवर डॉक्टरकडे औषध नसतं, ती उतरवावी लागते, असं अनुपमाच्या माहेरी सगळेच मानत. तिनेच हट्ट धरला. तिचा भाऊ नितेशला कांदिवलीला एका माणसाकडे घेऊन जाई. तो हाताला चुना लावायचा, मंत्र पुटपुटायचा आणि ताटातल्या पाण्यात हात धुवायला सांगायचा. पाणी पिवळं व्हायचं. जितकं पिवळं तितकी कावीळ उतरली, म्हणून अनुपमा घरी आल्या आल्या विचारायची, आज किती पिवळं झालं, आणि ऐकून खूश व्हायची. हॉस्पिटलात नेलं तेव्हा लिव्हर संपलेलं होतं.

त्यानंतर तिने कुणालाच दोष दिला नाही, भावालाही नाही. सगळा दोष उचलून तिने स्वतःच्या डोक्यावर घेतला आणि तो खाली ठेवायला ती तयार नव्हती. काशीराम आधी गिरणीत होता. गिरणी बंद पडल्यावर अंधेरीच्या एका ऑफिसच्या इमारतीत लिफ्टमन म्हणून त्याने उरलेली नोकरी काढली. बोलण्यात तो कधीच पटाईत नव्हता. "तुझी चूक नाय गो," हे एवढं एकच वाक्य त्याला येत होतं, आणि ते तिला पटत नव्हतं.

आता मात्र तिने रंग पहिल्याच दिवशी पकडला होता.

"उशीर करूचो नाय," ती म्हणाली. "उठा. आंघोळ मगे."

भाजीच्या पिशवीत जुना टॉवेल अंथरून मास्तरला ठेवलं आणि दोघं रिक्षाने निघाली. स्टेशनच्या पलीकडे, कासव-पोपट बघणारी एक डॉक्टरीण बसते असं खालच्या मजल्यावरच्या दर्शनाने सांगितलं होतं. रस्ताभर अनुपमा पिशवीत हात घालून बसली होती. दवाखान्याशी आल्यावर मात्र तिची पावलं थांबली. नितेशनंतर तिने एकाही दवाखान्याचा उंबरा ओलांडला नव्हता. स्वतःला ताप आला तरी काशीरामच जाऊन गोळ्या आणत असे. ती समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसली.

"रंग नीट सांगा हां," ती म्हणाली. "हिरवो. पोपटी नाय, काळपट हिरवो."

डॉक्टर स्वरदा तिशीतली, भराभर बोलणारी मुलगी होती. मास्तरला टेबलावर घेतल्याबरोबर ती म्हणाली, "काका, हे तारा कासव. घरी पाळायला बंदी आहे, माहितेय ना?"

काशीरामने हात जोडले. "मुलाने आणलेला, मॅडम. आम्हांला काय माहीत?"

"बरा झाला की वनखात्याकडे द्यावा लागेल. ते नंतर बघू, आधी हा बरा होऊ दे."

तिने मास्तरचे पाय ओढून पाहिले, सांधे दाबले, सुईने थोडं रक्त घेतलं, एक्सरे काढला. काशीराम भिंतीला टेकून उभा राहिला. बऱ्याच वेळाने तिने हात पुसत विचारलं, "हा खातो काय?"

या प्रश्नाचं उत्तर देताना काशीरामला जरा अभिमानच वाटला. मास्तरच्या खाण्यात त्या घराने कधी हयगय केली नव्हती.

"आपल्यासारखंच, मॅडम. बुधवार, शुक्रवार, रविवार मच्छी. बांगडा, पेडवे, नाहीतर सुका जवळा. मिसेस स्वतः काटे काढून भरवते. बाकी दिवशी डाळभात; सोमवारी तर आमच्याकडे मच्छी शिजतच नाही."

डॉक्टरीण त्याच्याकडे बघतच राहिली. "किती वर्षं?"

"मुलगा होता तेव्हा तो काकडी, कोथिंबीर असलं घालायचा. तो गेला, तेव्हापासून ही घालते. आठ झाली."

त्याला पुढे बरंच सांगता आलं असतं. नितेश गेल्यावर मच्छी घरात आली ती महिनाभराने. अनुपमाने नेहमीच्या हाताने तीन तुकड्या तळल्या, तीन ताटं घेतली, आणि मग तिसऱ्या ताटाकडे बघत बसून राहिली. तेवढ्यात मास्तर खुरडत खुरडत तिच्या पायाशी आला. तिने ती तुकडी कुस्करून त्याच्यापुढे धरली आणि त्याने खाल्ली. त्या दिवशी कितीतरी दिवसांनी ती पोटभर जेवली. मग दोन तुकड्या तळायची वेळ तिच्यावर कधी आलीच नाही. पण हे डॉक्टरीणबाईंना कशाला सांगायचं?

"काका," ती आता सावकाश बोलायला लागली, "हे जमिनीवरचं कासव. गवत, पाला, फुलं खाणारं. मासे पचवायला याच्या पोटात सोयच नाही. त्याचं ॲसिड होतं आणि किडनीत, सांध्यांत साचत जातं. पाय बघा कसे सुजलेत. आणि लघवीबरोबर पांढरं येतं ते ठीक असतं, हिरवं आलं म्हणजे लिव्हरने हात टेकले."

"पण तो आवडीने खायचा हो."

"आवडीने खातातच. मुलं चॉकलेट खातात तसं."

"आणि मच्छी घातलीच नसती तर?"

"तर तो तुमच्या-माझ्यामागे राहिला असता. ही खूप जगतात."

काशीराम खाली स्टुलावर बसला. मास्तरचं वाईट वाटायच्याही आधी त्याला रस्त्यापलीकडची पायरी आठवली. एक लिव्हर चुन्याच्या पाण्यात गेलं आणि दुसरं बांगड्यात. दोन्ही तिच्याच हातून, आणि दोन्ही वेळा तिने जीव ओतून केलं होतं. हे तिला कळलं तर ती त्यातून उठणार नाही, याबद्दल त्याच्या मनात काडीची शंका नव्हती.

"मॅडम, माझी बायको बाहेर बसलीय. तिला हे सांगू नका."

"पण पथ्य समजावायला हवं. मासे पूर्ण बंद."

"ते मी करतो बंद. मच्छीने झालं, एवढंच सांगू नका. पाया पडतो."

ती अवघडली. "मी खोटं बोलणार नाही, काका. पण त्यांनी विचारलं नाही तर मी होऊन सांगणारही नाही."

लिफ्टच्या कोपऱ्यात उभं राहून काशीरामने जन्मभर लोकांची भांडणं, लफडी, नोकरीवरून काढल्याच्या बातम्या ऐकल्या होत्या आणि त्यांतली एकही इमारतीबाहेर नेली नव्हती. ऐकलेलं पोटात ठेवणं त्याला जड नव्हतं. हे मात्र दवाखान्याच्या तीन पायऱ्या उतरतानाच जड व्हायला लागलं.

"काय म्हणाली?" अनुपमा उठून उभी राहिली.

"लिव्हराक सूज इली हा. वय झाला तेचा. औषध दिल्यान."

"वेळेवर आणलंव मा आपण?"

"होय गो. वेळेवर आणलंव. तुया रंग बघलंस म्हणान."

तिच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते काशीरामला बघवेना. त्याने रिक्षाला हात केला.

मग घरात मास्तरची सेवा सुरू झाली. सकाळी घमेल्यात कोमट पाणी घालून अनुपमा त्याला बसवायची, त्याची मान पाण्याबाहेर राहील असा हात धरून. नंतर गॅलरीत उन्हाचा पट्टा जसा सरकेल तसं त्याचं गोणपाट सरकवायची. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेला पाला काशीराम आणायचा, शेवग्याचा, जास्वंदीचा. मास्तर पाल्याकडे ढुंकून बघायचा नाही. शुक्रवारी तर अनुपमाने मच्छी आणली तीच मुळी त्याच्यासाठी.

"डॉक्टरनी पथ्य सांगितला हा," काशीराम म्हणाला. "औषध लागू पडापर्यंत मच्छी बंद."

"एक घास. अर्धो घास. पोटात काय गेला तर अंगात ताकद येतली."

"नाय म्हणजे नाय."

त्याने बशी तिच्या हातातून काढून घेतली. इतक्या वर्षांच्या संसारात त्याने तिच्या हातातून काही ओढून घ्यायची ही पहिलीच वेळ होती. अनुपमा बोलायला लागली. आवाज चढला नाही, त्यामुळे ते जास्त लागलं.

"पथ्य पाळून खयचो वाचलो कोण? माझो झील पेज पिऊन गेलो. शेवटी शेवटी म्हणत होतो, आई, बांगड्याची एक तुकडी दे गं. माका आयकाक येय होता, तुमकाय येय होता. डॉक्टर नको म्हणालो म्हणान तुमी माका देवक दिलात नाय. उपाशी गेलो माझो पोर. आता ह्या मुक्या जनावराकय तसाच धाडतल्यात? काळीज दगडाचा हा तुमचा."

काशीराम बशी धरून उभा होता. एका वाक्यात त्याला स्वतःला सोडवून घेता आलं असतं. ते वाक्य त्याच्या जिभेवर आलंही. पण ते बाहेर पडलं असतं तर तो सुटला असता आणि ती अडकली असती. त्याने बशी नेऊन ओट्यावर झाकून ठेवली आणि तो पाला आणायला म्हणून खाली उतरला. जिन्यात त्याला रडू आलं. वर येणाऱ्या दर्शनाला त्याने डोळ्यात काहीतरी गेलंय असं सांगितलं.

सोमवारी सकाळी मास्तरने डोळे उघडले नाहीत. काशीरामने खाली जाऊन डॉक्टरीणबाईंना फोन लावला. तिने श्वास कसा आहे, पाय ओढले तर आत घेतो का, एवढं विचारलं.

"आता त्याला इकडे आणून हाल करू नका, काका. जवळ घेऊन बसा. ऊब द्या."

"काही खायला दिलं तर?"

"काहीही द्या. आता कशानेच फरक पडत नाही."

काशीराम तसाच बाजाराकडे चालू लागला. घरी आला तेव्हा अनुपमा गॅलरीत मास्तरला मांडीवर घेऊन बसली होती. त्याने स्वयंपाकघरात पिशवी ठेवली. वासाने ती वळली.

"आज सोमवार," ती म्हणाली.

"आसांदे."

लग्न झाल्यापासून त्या घरात सोमवारी मच्छी शिजली नव्हती. नितेश लहानपणी हट्ट करून रडायचा तरी नाही. अनुपमाने काशीरामच्या तोंडाकडे पाहिलं आणि मास्तर आता राहत नाही, हे तिला समजलं. डॉक्टर काय म्हणाली ते तिने विचारलंच नाही. मास्तरला त्याच्या मांडीवर ठेवून ती उठली, तिने बांगडा साफ केला, मीठ-हळद लावून वाफवला, आणि एकेक काटा बोटांनी चाचपून काढला. मग बशी घेऊन ती काशीरामला खेटून बसली.

"खा रे माझ्या राजा," ती म्हणाली. "आता कोण नको म्हणूचा नाय."

तिने तांदळाच्या कणीएवढा तुकडा मास्तरच्या तोंडाशी धरला. पुष्कळ वेळ काही झालं नाही. मग ते तोंड जरासं उघडलं, बहुतेक श्वासासाठीच, आणि तिने तुकडा आत सरकवला. मास्तरची मान हळूहळू काशीरामच्या बाजूला कलंडली. तुकडा तोंडाच्या कडेने बाहेर आला आणि काशीरामच्या तळहातावर पडला. अनुपमाला ती बाजू दिसत नव्हती. काशीरामने मूठ मिटली.

"खाल्ल्यान?" तिने विचारलं.

"खाल्ल्यान."

"गिळल्यान?"

"होय तर. मिया बघलंय."

थोड्या वेळाने मास्तरचे पुढचे पाय सैल झाले आणि तसेच राहिले. दोघांनाही कळलं. अनुपमाने पदराने त्याचं तोंड पुसलं, त्याच्या पाठीवरच्या चांदण्यांवरून एकदा हात फिरवला. काशीरामला वाटलं होतं ती हंबरडा फोडेल, पण तिचा चेहरा कितीतरी वर्षांत नव्हता इतका मोकळा दिसत होता.

"बरा केलात तुमी," ती म्हणाली. "भरल्या पोटान गेलो. नितेशाक सांगतलो तो, तुझ्या आयेन माका उपाशी धाडूक नाय."

"सांगतलो," काशीराम म्हणाला.

ती त्याच्या खांद्यावर डोकं टेकून रडायला लागली. काशीरामने उजवा हात तिच्या पाठीवर ठेवला. डावी मूठ त्याने गुडघ्याखाली तशीच मिटून धरली होती.