गाढव तेवढं काढून टाक

येत्या मंगळवारी निवडणूक आणि आज बुधवार, म्हणजे थर्झा बॉट्रेलच्या हाती त्याआधीचा शेवटचा अंक. चारला छपाईचं यंत्र फिरायलाच हवं होतं. कॅन्ससमधल्या त्या गावात शेतकऱ्यांच्या नव्या लोकपक्षाचं हे साप्ताहिक लोक आधी थर्झाच्या चित्रासाठी उघडत आणि मग जमलं तर वाचत. शहरी वर्तमानपत्रं लोकपक्षाचा शेतकरी काढायची तो दाढीत गवत अडकलेला, तोंड वासलेला. तिचा शेतकरी ताठ उभा असे. आजच्या चित्रात रिपब्लिकनांचा हत्ती आणि त्याच्यामागे भिंतीला टेकून डेमोक्रॅटांचं गाढव, दोघं एकाच गव्हाणीतला मका फस्त करत होते आणि शेतकरी फाटक अडवून उभा होता.

दुपारी संपादक होझिया किंबॉल सभेहून आला. तिच्या बहिणीचा नवरा; वकिली चालेना म्हणून संपादक झालेला.

"थर्झा, गाढव तेवढं काढून टाक."

"का हो, भावजी?"

"काल समझोता झाला. डेमोक्रॅट आपल्या माणसाला मतं देणार. आता त्यांना डिवचायचं नाही."

"दोन वर्षं आपल्याला वेडगळ म्हणत होते तेच ना? मग तिसरा पक्ष काढलात कशाला? मिरवायला?"

"तुला काय जातंय बोलायला! तुला मत तरी आहे का?"

ते तिला झोंबलं. या निवडणुकीत बायकांना मत नव्हतं.

"नाही, म्हणूनच चित्रं काढते," ती म्हणाली.

"गाढव दिसलं तर हे चित्र जाणार नाही. आणि यापुढे तुझं एकही नाही. सांगून ठेवतो." दार आपटून तो आत गेला.

आता या शहाण्याला कोण सांगणार की खडूच्या पत्र्यावर खोडता येत नाही! पोलादी पत्र्यावर खडूचा थर असतो. सुईनं तो ओरखडायचा, वर वितळलेला धातू ओतून ठसा घ्यायचा आणि जिथं पोलाद उघडं पडलं तिथं छापताना काळं उमटतं. उडालेला खडू परत बसत नाही. काळं वाढवता येतं, कमी करता येत नाही. नवा पत्रा शुक्रवारच्या गाडीनं येणार होता.

थर्झाला रडू फुटत होतं, पण तिनं सुई उचलली. गाढवाचे डोळे गेले, दात गेले, पोट गेलं. ती खरवडत होती, फुंकर मारत होती, पुन्हा खरवडत होती.

"अहो बाई, सगळा डागच केलात की!" यंत्रावरचा म्हातारा लुडविग कळवळला.

"थांबा जरा." काळं तिनं गाढवाच्या खुरांपासून थेट हत्तीच्या पायांपर्यंत ओढत नेलं.

पावणेचारला पहिला कागद होझियाच्या हातात पडला. हत्ती मका खात होता. मागच्या भिंतीवर त्याची काळीकुट्ट सावली पडली होती आणि सावलीला दोन लांब कान होते.

"गाढव काढलं," थर्झा म्हणाली. "तुम्हीच म्हणालात."

होझियानं कागद खिडकीच्या उजेडात धरला. "हे आधीपेक्षा वाईट आहे. डेमोक्रॅट समझोता मोडतील. मंगळवारी एक मत द्यायचे नाहीत."

"नाही दिलं तर नाही. आपण आपले किती आहोत ते तरी कळेल."

त्यानं घड्याळाकडे पाहिलं, मग चित्रातल्या शेतकऱ्याकडे. कोट काढून त्यानं खुंटीला अडकवला.

"लुडविग," तो म्हणाला, "चाक फिरव."