सुमंगलाताई, टाकी!

भुजंगराव रेंगे यांनी एकेचाळीस वर्षांच्या संसारात बायकोला एकदाही नावानं हाक मारली नाही. लग्नात घास भरवताना नाव घेतलं तेवढंच, तेही बहिणींनी ताट अडवून धरलं म्हणून. पुढचा सगळा कारभार ‘अगं’, ‘ऐकलं का’ आणि मुलगा झाल्यावर ‘केयूरची आई’ यावर भागला. म्हणजे जीव नव्हता असं कुणी समजू नये. गंगाखेडात त्यांच्या वयाच्या माणसांची रीतच तशी, आणि भुजंगराव तर तहसीलमधून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. मागच्यानं जसं लिहिलं तसं पुढच्यानं लिहायचं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं होतं.

सुमंगलाबाईंना नावानं हाक मारणारा माणूस गल्लीत एकच होता, गॅसच्या टाक्या पोचवणारा सिद्धोधन. कनेक्शन बाईंच्या नावावर होतं. सिद्धोधन कोपऱ्यावर टेम्पो उभा करायचा, पावतीवरचं नाव वाचायचा आणि फाटकातूनच सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडायचा, “सुमंगलाताईऽ, टाकीऽ!” बाई पदराला हात पुसत स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहायच्या. “फरशी जपून रे बाबा,” हे ठरलेलं वाक्य. खांद्यावर टाकी घेतलेला सिद्धोधन त्या बाजूला होईपर्यंत उंबऱ्याशी थांबायचा. मग पाण्याचा तांब्या, त्याच्या पोरीच्या शाळेची चौकशी. हे वीस वर्षं चाललं. भुजंगरावांनी त्या वीस वर्षांत वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं असेल दोन-चार वेळा.

गेल्या चैत्रात बाई गेल्या. तीन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. केयूर पुण्याहून आला, तेराव्यापर्यंत राहिला, न्हाणीघरात गिझर बसवून गेला. “बाबा, तिकडंच चला,” असं तो म्हणाला आणि भुजंगराव “बघू” म्हणाले. या ‘बघू’चा अर्थ दोघांनाही पक्का माहीत होता. चौदाव्या दिवसापासून घरात माणूस यायचं बंद झालं.

त्यानंतर पहिल्यांदा टाकी आली ती वैशाखात. भुजंगराव ओसरीत बसले होते. फाटकातून हाक आली, “सुमंगलाताईऽ, टाकीऽ!” आणि हातातलं वर्तमानपत्र हातातच राहिलं. क्षणभर त्यांना खरोखर वाटलं की आता आतून बांगड्या वाजतील. क्षणभरच, पण महिनाभरात त्या घरात तेवढ्या मोलाचं दुसरं काही घडलं नव्हतं. त्यांनी उठून दार उघडलं, सिद्धोधननं टाकी आत ठेवली आणि रिकामी उचलून नेली.

त्या दिवसापासून भुजंगरावांनी गिझर बंद ठेवला आणि आंघोळीचं पाणी गॅसवर तापवायला घेतलं. चहा दिवसातून पाच वेळा. डाळ शिजून गेली तरी खाली जाळ चालूच. एकट्या माणसाची टाकी चार महिने जायची ती त्यांनी दीड महिन्यात संपवून दाखवली. शहाण्यासुरत्या माणसानं असं करावं का, हे कुणी विचारू नये. टाकी संपल्याशिवाय हाक येत नव्हती. केयूर फोनवर विचारायचा, “गिझर नीट चालतोय ना बाबा?” भुजंगराव सांगायचे, “एक नंबर.”

पौषात एक जण गळ्यात ओळखपत्र अडकवून दारात आला. गॅसची नळी तपासली, मग मोबाईल पुढं केला.

“सुमंगला भुजंगराव रेंगे कोन हायत? मॅडमला बोलवा जरा. केवायसी करायलोत, चेहरा दाखवावा लागतोय.”

‘वारल्या’ एवढा एक शब्द सांगायचा होता. “त्या घरी नाहीत,” भुजंगराव म्हणाले. “पेडगावला गेल्यात. माहेरी.”

“मग ऱ्हाऊ द्या. त्यांच्या फोनवर ओटीपी आला आसंल, तेवढा सांगा. भागतंय तेवढ्यावर.”

बाईंचा बटणांचा फोन भुजंगराव रोज चार्ज करून कोनाड्यात ठेवत. त्यांनी तो आणला आणि आकडे वाचून दाखवले. चौतीस वर्षांच्या नोकरीत ज्यानं पाठपोट वाचल्याशिवाय एका कागदावर सही केली नाही, त्या माणसानं समोरचा लवकर जावा म्हणून नंबर सांगून टाकला. त्यानं आणखी एखादा प्रश्न विचारला असता तर भुजंगरावांना रडू आलं असतं. खरी भीती ती होती.

महिन्याभरानं टाकी संपली. त्यांनी नंबर लावला, आणि यायच्या दिवशी सकाळपासून ओसरीत बसून राहिले. अकराच्या सुमाराला हॉर्न वाजला. हाक नाही. फाटकाशी धपकन काही आदळलं. बाहेर येऊन बघतात तर हिरव्या शर्टातला एक अनोळखी माणूस कानाला फोन लावून उभा. “काका, कोड सांगा,” एवढंच तो म्हणाला, आणि कोड घेऊन गेला. टाकी फाटकाशीच. पावतीवर स्टेशनजवळच्या नव्या एजन्सीचा शिक्का होता. भुजंगराव तसेच जुन्या एजन्सीत गेले.

टेबलापाशी राजेश्री नावाची मुलगी बसायची. तिनं कॉम्प्युटरमध्ये बघितलं.

“काका, तुमचं कनेक्शन तिकडं बदली झालंय. ग्राहकाच्या विनंतीवरून, असं लिहिलंय.”

“कुणाची विनंती?”

“ग्राहकाची. म्हणजे मॅडमची.”

“त्यांनी कसलीही विनंती केलेली नाही,” भुजंगराव म्हणाले. आवाज चढला. “ते शक्यच नाही.”

“तिकडचे लोक असंच करायलेत काका, तपासणीच्या नावाखाली ओटीपी घेऊन. लय जणांचं झालंय. वापस आणता येतं, पण मॅडमला यावं लागेल. अर्ज त्यांचा, सही त्यांची. कधी येतील?”

शेजारच्या बाकावर सिद्धोधन डबा खात बसला होता. भुजंगरावांना तो दिसत होता आणि त्याला सगळं ऐकू जात होतं.

“पेडगावला गेल्यात त्या,” भुजंगराव म्हणाले. “आल्या की बघू.”

सिद्धोधननं मान वर केली नाही. भाकरीचा तुकडा मोडलेला होता तो तसाच हातात धरून बसला. भुजंगराव बाहेर पडले तेव्हा तो मागोमाग आला आणि पाण्याची बाटली पुढं करून म्हणाला, “ऊन लय हाय, भाऊसाहेब. पानी पिऊन जावा.” एवढंच बोलला. भुजंगराव पाणी प्याले आणि त्याच्याकडे न बघता निघाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी कोरा ताव काढला, डावीकडं समास सोडला आणि अर्ज लिहायला घेतला. अर्ज लिहिणं हे काम त्यांना जेवण्याइतकं सवयीचं. ‘विषय : माझ्या संमतीशिवाय बदललेले गॅस कनेक्शन पूर्ववत करणेबाबत. महोदय, मी खाली सही करणार सौ. सुमंगला भुजंगराव रेंगे विनंतीपूर्वक अर्ज सादर करते की, माझ्या घरातील गॅसचा पुरवठा मला न विचारता...’

इथं पेन थांबलं.

मला न विचारता. बाईंच्या तोंडून असं वाक्य त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. आता त्यांच्याच अक्षरात ते समोर पडलं होतं, आणि त्यांना पहिला गॅस आठवला.

तीस वर्षं झाली असतील. बाई भाचीच्या लग्नाला आठ दिवस पेडगावला गेल्या होत्या. स्वयंपाकघरात त्यांनी स्वतःच्या हातानं घातलेली वैलाची चूल होती. गोदावरीकाठची माती आणून, त्यात भुसा तुडवून घातलेली; दर सणाला सारवलेली. भुजंगरावांनी त्या आठ दिवसांत मजूर लावून ती खणून काढली, ओटा बांधला, शेगडी बसवली. गल्लीत पहिला गॅस. माणसं बघायला आली. बाई परत आल्या, दारात उभ्या राहून बघत राहिल्या, आणि “बरं झालं,” म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या अंगणात काहीतरी शोधत होत्या. चुलीचं एक ढेकूळ सापडलं ते त्यांनी तुळशीच्या मातीत दाबलं. भुजंगरावांनी बघितलं होतं. बायकांचं काही कळत नाही, असं मनात म्हणून ते ऑफिसला गेले होते.

कनेक्शन त्यांनी बाईंच्या नावावर केलं, आणि आपण फार मोठं काही दिलं असं त्यांना कितीतरी वर्षं वाटत होतं. घर त्यांच्या नावावर, प्लॉट त्यांच्या नावावर, बँकेतलं खातं त्यांच्या नावावर. बाईंच्या नावावर जगात ही एवढीच गोष्ट होती, आणि तीही त्यांना विचारून केलेली नव्हती.

“चुकलंच माझं,” भुजंगराव रिकाम्या घरात मोठ्यानं म्हणाले.

मग त्यांनी अर्ज पुरा केला आणि सहीच्या जागेशी आले. बाईंची सही त्यांना डोळे मिटून करता आली असती. एक-एक अक्षर सुटं, ‘मं’वरचं टिंब वाटाण्याएवढं. एक सही केली की सिद्धोधनची हाक परत येणार होती. नव्या एजन्सीकडं राहिलं तर नाव पावतीवर राहील, पण ते वाचणारं कुणी नाही. खरं लिहिलं तर सिद्धोधन येईल, पण नाव जाईल. त्यांनी पेन टेकवलं आणि बराच वेळ तसंच धरून ठेवलं. कागदावर शाईचा ठिपका पसरला. तिला न विचारता आता आणखी एक गोष्ट करायची, तीही तिच्याच नावानं? त्यांनी तो ताव चार घड्या करून फाडला.

नवा घेतला. ‘मी, भुजंगराव ज्ञानोबा रेंगे, अर्ज करतो की, माझी पत्नी मयत सुमंगला...’

मयत. वारस नोंदीच्या रजिस्टरात हा शब्द त्यांनी हजारदा लिहिला होता. समोर रडणारी माणसं असायची आणि हे मान खाली घालून लिहीत असायचे, मयत अमुक, मयत तमुक, पुढचा कोण. आज तीन अक्षरांना त्यांना अर्धा तास लागला. अक्षर वाकडं आलं. ते त्यांनी तसंच राहू दिलं.

मृत्यूचा दाखला जोडून ते एजन्सीत गेले. राजेश्रीनं अर्ज वाचला, दाखला वाचला, तारीख बघितली. तिनं वर बघितलं आणि पेडगावचं काही विचारलं नाही. पोरगी गुणाची.

“वापस होतंय काका. पण आता कनेक्शन तुमच्या नावावर करावं लागेल.”

“जुनं नाव...” भुजंगरावांनी विचारलं, “नुसतं पावतीवर ठेवता येतं का? कनेक्शन माझ्याच नावावर करा. नुसतं पावतीवर.”

“न्हाई येत काका.”

उत्तर त्यांना आधीच माहीत होतं. हेच उत्तर त्यांनी स्वतःच्या टेबलामागून कितीतरी लोकांना दिलं होतं, आणि तेही इतक्या मऊ आवाजात नाही. त्यांनी दाखवलेल्या ठिकाणी सही केली.

त्यानंतर त्यांनी पाणी गिझरवर तापवायला सुरुवात केली. टाकी आता घाईनं संपवण्यात अर्थ नव्हता. तरी ती संपायची ती संपलीच, आणि एका सकाळी ओळखीचा टेम्पो कोपऱ्यावर थांबलेला त्यांना ऐकू आला.

ते दाराच्या आत उभे राहिले. फाटकाची कडी वाजली. मग काहीच नाही. सिद्धोधन पावती वाचत असणार. बराच वेळ गेल्यावर तो हळूच म्हणाला, सुतकाच्या घरात बोलावं तसं, “भाऊसाहेब... टाकी.”

भुजंगरावांनी दार उघडलं. सिद्धोधनच्या हातात पावती होती आणि त्याची नजर पावतीवरच होती.

“नाव बदललं की हो, भाऊसाहेब.”

“तुला ठाऊक होतं ना रे? त्या गेल्याचं?”

“तिसऱ्या दिवशीच ठावं झालं. मातीला यायला जमलं न्हाई, परभनीला माल आनायला गेल्तो.” तो थोडा थांबला. “वैशाखात टाकी घिऊन आलो, तवा वाटलं, हाक मारावी का न्हाई. पन पावतीवर नाव व्हतं. मारली. तर तुमी निस्ते पळत आलाव दाराला. म्हनलं, आसू द्या. मारत जाऊ. आता पावतीवर न्हाई, तर कशी मारावी ते कळंना मला.”

आठ महिने आपण दाराआड एकटेच बसून ती हाक ऐकत होतो, असं भुजंगरावांना वाटत आलं होतं. फाटकाशी उभा राहून हा माणूस ती मुद्दाम त्यांच्यासाठी मारत होता. समोरच्या घरातली बबिता धुणं वाळत घालता घालता थबकून बघायला लागली.

मग भुजंगराव वळले. उघड्या दारातून ओसरी दिसत होती, त्याच्या पलीकडं स्वयंपाकघराचं दार, ओट्याची कड.

“सुमंगला,” ते म्हणाले. आवाज घोगरा आला, आणि नाव जिभेला अगदी नवं लागलं. त्यांनी घसा खाकरला आणि गल्लीत सगळ्यांना ऐकू जाईल असं पुन्हा म्हणाले, “सुमंगला, टाकी आली गं!”

सिद्धोधननं टाकी उचलून खांद्यावर घेतली आणि ओसरी ओलांडून तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी गेला. तिथं तो थांबला. बाई बाजूला व्हायला जेवढा वेळ घ्यायच्या, तेवढा वेळ थांबला, आणि मग फरशी जपून टाकी आत ठेवली.