वाक्याचं शेपूट

“आत यायचं नाही,” ताईने वॉकीटॉकीचं बटण दाबून सांगितलं, आणि दुसऱ्याच क्षणी तळघराच्या जिन्यावर बूट वाजले. धाकटा भाऊ हेल्मेटसकट धाडधाड उतरून तिच्यासमोर उभा राहिला.

“कशाला आलास?”

“कमाल आहे! तूच म्हणालीस, आत यायचं.”

“यायचं नाही म्हणाले मी.”

“मग कान तपासून घेतो. पण मी ऐकलं ते एवढंच.”

ताई अग्निशमन दलाच्या कचेरीत खरेदीचं काम बघायची. भाऊ त्याच दलात आग विझवायचा. जुन्या वॉकीटॉक्यांनी माना टाकल्यापासून नव्यांसाठी पुरवठादार शोधता शोधता ती मेटाकुटीला आली होती. एकाचे सेट मैदानात खणखणीत बोलायचे आणि चार भिंतींत गेले की मूग गिळून बसायचे. दुसरा कचेरीत येऊन तोंडभर बोलून गेला, आणि चाचणीच्या दिवशी त्याचा फोनच लागेना. हा तिसरा, टायवाला, मात्र म्हणाल त्या बोळात, म्हणाल त्या तळघरात मुकाट्याने आला. जवानांनी त्याचे सेट पिदडून पिदडून वापरले आणि एकमुखाने पास केले. आता फक्त ताईची सही बाकी होती. त्याआधी आपणही एकदा बोलून बघावं, एवढ्याच हौसेने ती बाजाराखालच्या या तळघरात उतरली होती.

तिने भावाला पुन्हा वर पिटाळलं. वर टायवाला त्याच्याशेजारी कान देऊन उभा राहिला. ती पुन्हा तेच बोलली, आणि दोघांनाही पुन्हा “आत यायचं” एवढंच ऐकू आलं. मग भाऊ खाली गेला आणि ताई वर आली.

“आत यायचं नाही बरं,” सेट अगदी स्वच्छ बोलला.

भाऊ वर आल्यावर तिने विचारलं, “तू पुढे ‘बरं’ कशाला जोडलंस?”

“‘बरं का’ म्हटलं मी. सवय गं. दलात सगळेच म्हणतात. आईची देणगी.”

आई नुकतीच निवृत्त झाली होती. जन्मभर कंट्रोल रूममध्ये बसून तिने जवानांना निरोप दिले, आणि तिचं ‘बरं का’ सर्दीसारखं सगळ्या दलाला लागलं. शेजारच्या दलातले टोमणे मारायचे, “तुम्ही माणसांना आगीवर पाठवताय की जेवायला बोलावताय?”

टायवाल्याचा चेहरा उतरला होता.

“बटण सोडताना खरखर होते. ती ऐकू येऊ नये म्हणून हा सेट शेवटचा तुकडा कापतो,” तो म्हणाला. “जरा जास्तच कापतोय. चाचणीत तुमच्या माणसांचा नुसता ‘का’ गळत होता, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही.” मग जरा थांबून म्हणाला, “हे बनवणाऱ्यांच्या भाषेत ‘नाही’ आधीच येऊन जातं हो. आपल्यात ते शेवटी.”

ताईच्या अंगावर काटा आला. उद्या कोणी नवा भरती होऊन आला असता आणि ‘बरं का’ न म्हणता बोलला असता तर?

“सही करू नका,” टायवाला आपणहून म्हणाला. “सगळे सेट परत नेतो, ते कापणं काढून आणतो. मग याच तळघरात तुम्हीच बोला.”

दुसरा कोणी असता तर हुज्जत घालत बसला असता. ताईने मनापासून त्याचे आभार मानले, तर तोच बिचारा ओशाळला.

“जुने सेटही शेवटचं खायचे,” भाऊ हळूच म्हणाला. “सेटवर आईचा ‘का’ कधी पुरता आलाच नाही.”

ताईने लगेच आईला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

“आई, सेट शेवटचा शब्द खातो हे तुला ठाऊक होतं? म्हणून तू ‘बरं का’ जोडायचीस?”

“छे गं! मी बोलणारी. पलीकडे काय पोचतं, मला काय ठाऊक?” आई म्हणाली. “आगीत शिरलेल्या पोरांशी तोडून कसं बोलायचं? ‘जायचं नाही’, ‘थांबायचं नाही’... जीभच वळायची नाही माझी. म्हणून आपलं बरं का.”

ताईला वाटलं, आत्ताच्या आत्ता घरी जाऊन आईला घट्ट मिठी मारावी.

भावाने तिच्या हातातून फोन घेतला.

“आई, मी कापसाच्या गोदामात होतो, तेव्हा कंट्रोलला तूच होतीस ना?”

“होते की. ‘मागचं दार उघडायचं नाही बरं का,’ म्हणून सांगितलं तुला. त्यावरून साहेबांनी सगळ्यांदेखत झापलं मला. म्हणाले, हुकूम द्या, लाड करू नका.”

तेव्हा भावाचा हात त्या दाराच्या कडीवर होता. तो मागे सरला, आणि पाठोपाठ पलीकडचं छप्पर खाली आलं. हे त्याने घरात कोणालाच सांगितलं नव्हतं. त्याने हेल्मेट काढलं आणि तो पायरीवर बसला.

“आई, तू...” त्याने नाक ओढलं.

“काय रे? रडतोस की काय?”

“धूर गेला डोळ्यांत.”

“अगं बाई! आज कुठं लागली आग?”

“कुठंच नाही,” तो म्हणाला.